नक्कल करणे ही चोरी होय काय?

ब्राह्मणपुरी येथे एका बंधूच्या ओट्यावर बसलो असता एका तरुणाने मला विचारले, “पाळकसाहेब, सिनेमाची नक्कल मोबाइलात घेतली तर ती चोरी कशी? शेजाऱ्याची शेळी नेली तर त्याची शेळी जाते. येथे मूळ चित्र तर धन्याजवळच राहते. मग कोणाचे काय गेले?” प्रश्न प्रामाणिक होता. केवळ आठव्या आज्ञेकडे बोट दाखवून त्याला गप्प करणे मला योग्य वाटले नाही. कारण अशाच एका मोबाइलात मीही पूर्वी एक चित्रपट पाहिला होता, व तो कोठून आला हे विचारले नव्हते.

प्रथम काय जाते ते पाहू. दादासाहेब फाळके यांनी १९१० च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहिला, आणि आपणही चित्रपट काढावा या ध्यासाने ते पेटले. विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या, पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिने गेले, तेव्हा ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. आजही आधी खर्च व मागून फळ, हीच रीत आहे. निर्माता पैसा घालतो. वितरक पुष्कळदा आगाऊ रक्कम देऊन चित्रपट घेतो. आणि तिकिटांतून चित्रपटगृहाचा वाटा वजा जाता जे उरते, त्यातून त्याची वसुली होते. ती बहुधा पहिल्या एकदोन आठवड्यांतच व्हावयाची असते. म्हणजे चित्रपट हे उभे पीक होय, व तिकीट ही कापणी. नक्कल करणारा शेत नेत नाही, बियाणेही नेत नाही. तो कापणी नेतो.

२९ एप्रिल २०१६ रोजी झी स्टुडिओजने नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ प्रदर्शित केला, आणि थोड्याच दिवसांत त्याची चोरटी प्रत गावोगाव मोबाइलांत फिरू लागली. कोणी म्हणतील, “तरी त्याने शंभर कोटींचा धंदा केला, मग नुकसान कोठे?” परंतु शेजाऱ्याचे पीक उदंड आले म्हणून त्याच्या कणसांवर हात टाकण्याची मुभा मिळते काय? शिवाय तोच हात लहान चित्रपटावरही पडतो, ज्याचे भवितव्य एका आठवड्यात ठरते.

कायद्याने कुंपण घातले आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा आहेच. २००९ साली महाराष्ट्राने आपल्या १९८१ च्या स्थानबद्धतेच्या कायद्यात अशा नक्कलखोरांस घातले. आणि २०२३ च्या केंद्रीय दुरुस्तीने तीन महिने ते तीन वर्षे कैद व निदान ३ लाख रुपये दंड ठरविला. पण कुंपण रात्री ओलांडता येते. अंतःकरणाची राखण निराळी.

त्या तरुणाचे दुसरे म्हणणे अधिक जड होते. “शहाद्यास कुटुंबासह जाऊन तिकिटे काढायची तर मजुरी बुडते, वर गाडीभाडे. गरिबाने पाहूच नये काय?” प्रिय वाचकहो, याचे उत्तर मोशेच्या नियमशास्त्रात आहे. शेताच्या कडा कापू नयेत, पडलेली कणसे गरिबांसाठी राहू द्यावीत, अशी धन्यास आज्ञा होती. रूथने बवाजाच्या शेतात सरवा वेचला. पण तिने आधी विचारले, व कापणाऱ्यांच्या मागून वेचले. येथे दोघांवरही कर्तव्य येते. धन्याने सर्व शेत झाडून नेऊ नये. खेड्यातल्या मजुराला परवडेल असा दर व मार्ग ठेवावा. आणि गरिबाने थोडा धीर धरावा. कारण अनेक चित्रपट काही महिन्यांनी दूरचित्रवाणीवर येतात, व तो उघड सरवा आहे. सरवा वेचणे आणि रात्री पीक कापून नेणे यांत अंतर आहे, आणि भुकेल्या रूथलाही ते कळत होते.

त्या तरुणाने मोबाइल खिशात ठेवला. त्यातील काही पुसले की नाही, हे मी विचारले नाही. मी मात्र तेव्हापासून कोणी काही दाखवू लागला की, पाहण्यापूर्वी एवढेच विचारतो, “बाबा, हे आणले कोठून?”