गतकाळाशी लग्नगाठ

इंग्रजी कादंबरीचा एक प्रकार गेल्या काही दशकांत बराच लोकप्रिय झाला आहे. आजची एखादी तरुणी काही निमित्ताने दोनशे वर्षे मागे जाते, रीजन्सी काळातील इंग्लंडमध्ये पोहोचते आणि तेथील एखाद्या उमरावाच्या प्रेमात पडते. राजे तिसरे जॉर्ज मनोविकारामुळे राज्यकारभारास असमर्थ ठरले, तेव्हा १८११ ते १८२० या वर्षांत युवराजाने त्यांच्या वतीने कारभार पाहिला. तोच हा काळ. जेन ऑस्टेन यांच्या कादंबऱ्या याच वर्षांत प्रसिद्ध झाल्या. पुढे १९३५ मध्ये जॉर्जेट हेयर यांनी ‘रीजन्सी बक’ लिहिली आणि रंजक कादंबरीला या काळात जणू माहेरघरच मिळाले. कालप्रवासाची कल्पना त्यात नंतर येऊन मिसळली.

अशा पुस्तकांना हसून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु त्यांच्या मुळाशी असलेला नैतिक प्रश्न आम्हांस गंभीर वाटतो. ज्या काळाचे दुःख आपल्याला भोगावयाचे नाही, त्या काळावर प्रेम करण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे?

या नायिका मागे जातात त्या बहुधा दिवाणखान्यात उतरतात, मोरीपाशी क्वचितच. पहाटे उठून त्या दिवाणखान्यातील शेगडी पेटविणारी मोलकरीण कथेत असते, पण तिचे जिणे कोणी मागून घेत नाही. चहात पडणारी साखर वेस्ट इंडिजमधील गुलामांच्या श्रमाची होती. इंग्रजांनी गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद केला, तरी गुलामगिरी रद्द करणारा कायदा होण्यास १८३३ उजाडले. ऑस्टेन यांच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’मधील सर टॉमस यांची मालमत्ता अँटिग्वा बेटावर आहे, हे अनेक वाचकांच्या ध्यानातही राहत नाही. याच्या नेमकी उलट बाजू अमेरिकन लेखिका ऑक्टेव्हिया बटलर यांनी १९७९ मध्ये ‘किंड्रेड’ या कादंबरीत दाखविली. त्यांची कृष्णवर्णीय नायिका त्याच शतकाच्या आरंभी जाऊन पोहोचते, पण मेरीलँडच्या मळ्यावर. आणि तेथे ती गुलाम ठरते. काळ तोच, प्रवासही तसाच. मात्र उतरण्याचे ठिकाण बदलले की प्रेमकथेची भयकथा होते.

कोणी म्हणेल, हा केवळ विरंगुळा आहे, त्याला एवढे तोलून पाहण्याचे कारण काय? विरंगुळ्यास आमची हरकत नाही. परंतु मनाला एकदा दिवाणखान्याचीच सवय लागली, की इतिहास वाचतानाही ते तेथेच जाऊन बसते.

इंग्लंडपर्यंत जाण्याचीही गरज नाही. विद्यानगराहून फार दूर नसलेल्या कोठीत रेसिडेन्सीची भव्य वास्तू उभी आहे. रेसिडेंट जेम्स अकिलीज कर्कपॅट्रिक यांच्या कारकिर्दीत ती बांधण्यास आरंभ झाला आणि आज तेथे महिला विद्यापीठ आहे. कर्कपॅट्रिक आणि हैदराबादच्या उमराव घराण्यातील खैरुन्निसा यांचा विवाह त्या काळी गाजला; विल्यम डालरिंपल यांच्या ‘व्हाइट मुघल्स’ या २००२ मधील ग्रंथाने तो पुन्हा सर्वतोमुखी केला. या कथेत बागा आहेत, जनाना महाल आहे, धर्म आणि सत्ता यांच्या भिंती ओलांडणारे प्रेम आहे. परंतु १८०५ मध्ये त्यांची दोन लहान मुले शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्यात आली आणि त्याच वर्षी कर्कपॅट्रिक कलकत्त्यास वारले. आईला ती मुले पुन्हा कधीच दिसली नाहीत. खैरुन्निसा १८१३ मध्ये, पुरती तिशीही न गाठता, निवर्तली. ऑस्टेन यांची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ प्रसिद्ध झाली तेही हेच वर्ष!

आता कल्पना करावी, की आजची एखादी वाचक १८०४ मधील त्या बागेत जाऊन पोहोचली. खैरुन्निसेशी तिची मैत्री जडली, तर ती काय करील? मुलांना पाठवू नकोस असे सांगेल, की सारे ठाऊक असून गोड बोलत राहील? सांगितले तर मैत्रिणीचा उरलेला आनंद हिरावला जाईल. न सांगितले तर ती मैत्री कपटाची ठरेल. दोन माणसांचे प्रेम बरोबरीचे असते, ते दोघांनाही उद्याची खबर नसते म्हणून. एकीच्या हाती दुसरीची संपूर्ण पत्रिका असेल आणि स्वतःचे परतीचे तिकीट कनवटीला असेल, तर ती बरोबरी उरत नाही. उरते ती प्रेक्षकाची करुणा. तिचीही किंमत आहे, पण तिला प्रेम म्हणू नये.

मराठी वाचकाची रीजन्सी म्हणजे पेशवाई. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ने १९६२ पासून कित्येक पिढ्यांना माधवराव आणि रमाबाई यांच्या सहवासाची ओढ लावली. त्या सहवासाचा शेवट १७७२ मध्ये थेऊर येथे रमाबाईंच्या सती जाण्याने झाला. तो प्रसंग वाचताना डोळे भरून येतात; परंतु त्या अश्रूंमध्ये शोक किती आणि कौतुक किती, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

हाच प्रश्न आपल्या घरांतील निजामकाळाच्या आठवणींनाही लागू आहे. देवड्या, अदब, शेरवान्या, उर्दूची नजाकत हे सारे खरे होते. १९०७ मध्ये मराठी मुलांसाठी विवेकवर्धिनी उभी करण्याची निकड भासली, तेही तितकेच खरे होते. आणि जहागिरींच्या गावांत वेठबिगार राबत होते, तेही. आजोबांच्या दप्तरात कोणाची नावे आढळतात आणि कोणाची केवळ संख्या, हे पाहिले म्हणजे आपण त्या काळात कोठे उतरतो आहोत ते कळते.

तेव्हा गतकाळी जाऊच नये काय? अवश्य जावे. मात्र जाताना एवढी अट स्वतःवर घालावी, की आपण कोणाच्या घरी जन्म घेणार हे ठाऊक नसतानाही तो काळ आपल्याला हवासा वाटला पाहिजे. या अटीवर बहुतेक सुवर्णयुगे नापास होतील. तरीही त्या काळातील माणसांवरील माया कमी होण्याचे कारण नाही. उलट, दिवाणखान्याच्या दारापाशी उभे असलेले चेहरेही मग तिच्या कक्षेत येतील.