गरज नसलेली चव

पावा गावच्या चुंद लोहाराने तथागतांच्या पात्रात शेवटचं काय वाढलं, यावर आमच्या सोलापूरच्या बुधवार पेठेतल्या विहारात दर वर्षावासात वाद होतो. ग्रंथवाचन माझ्याकडे असतं, कारण शाळेत मराठी शिकवल्यामुळे आवाज मागच्या सतरंजीपर्यंत जातो. महापरिनिर्वाणाचा भाग आला आणि ‘सूकरमद्दव’ हा शब्द उच्चारला की चुळबुळ सुरू होते. एक निवृत्त गिरणी कामगार काका दर वर्षी ठासून सांगतात, “बाई, ती आळंबी होती, आळंबी.” पुढे बसलेल्या बाया हसतात. वाद जुनाच आहे. पाली ग्रंथांवर भाष्य करणाऱ्या अट्ठकथाकारांतही एकमत नव्हतं. कोणी कोवळं डुकराचं मांस म्हटलं, कोणी गोरसात शिजवलेला भात, कोणी डुकरांनी तुडवलेले बांबूचे कोंब. धर्मानंद कोसंबींनी १९४० सालच्या ‘भगवान बुद्ध’मध्ये मांसाच्या बाजूने कौल दिला आणि त्या पुस्तकातल्या मांसाहाराच्या चर्चेवरून त्यांना पुष्कळ बोलणी खावी लागली. मला कोसंबींचं पटतं. पण शब्दाचा अर्थ लागला की प्रश्न सुटला, असं काकांना वाटतं तसं मला वाटत नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे, आणि तो मी विहारात काढत नाही. मला बेकन आवडते. मीठ मुरवून, धूर देऊन केलेली. मुलगा पुण्याला असतो, तो येताना कॅम्पातून बर्फाच्या डब्यात घालून आणतो. थंड तव्यावर पट्ट्या मांडायच्या, गॅस बारीक ठेवायचा. चरबी आपोआप सुटते, कडा कुरकुरतात, आणि उरलेल्या त्या चरबीत शिळी भाकरी परतायची. ही चव मला हवीहवीशी वाटते. मी उपाशी नाही, अशक्त नाही, डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. उलट डॉक्टर नको म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये अशा टिकवलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरवलं आहे. म्हणजे गरजेचा आडोसा मला नाहीच. केवळ चवीसाठी एक प्राणी मेला, आणि मी रोज सकाळी ‘पाणातिपाता वेरमणी’, म्हणजे जीवहत्येपासून दूर राहण्याचं शील, म्हणते.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये अहिंसेची चर्चा करताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. विहारात तो भाग वाचला की सगळ्यांना हायसं वाटतं. मी मात्र दोन्हींच्या मध्ये अडकते. गरज मला नाही. मारण्याची इच्छाही नाही. डुकराचं मी काही वाईट चिंतत नाही. मला फक्त चव हवी आहे. ही तिसरी गोष्ट कुठे बसवायची?

माझी आज्जी बार्शीकडच्या खेड्यातली. १९२७ साली महाडला मेलेल्या जनावराचं मांस सोडायचं ठरलं, आणि काही वर्षांनी ते आमच्या गावातही सुटलं. चान्या, म्हणजे गुराच्या मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या, मात्र सुटल्या नाहीत. मांस खाटकाकडून यायला लागलं, एवढाच बदल. ऐन उन्हाळ्यात आज्जी मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापायची, मीठ-हळद लावून दोरीवर टांगायची, आणि कावळ्यांना हाकलायला आम्हां पोरांना काठी देऊन बसवायची. आमच्या उन्हात त्या वाळून कडक व्हायला वेळ लागत नसे. मग गाडग्यात. पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजून पाट्यावर ठेचायची आणि ज्वारीच्या भाकरीवर ठेवून द्यायची. काम तेच, जे बेकन करणारा करतो. मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं, पाणी गेलं की सडवणाऱ्या जंतूंना थारा राहत नाही. थंड मुलखात असं ऊन नाही, म्हणून तिथे हिवाळा लागताना डुक्कर कापायचं, मीठ आणि थोडा सोरा चोळून मुरवायचं, मांडीचा हॅम करायचा, पोटाची बेकन, आणि वर धुराचा थर द्यायचा. आमच्याकडे ते काम सूर्य फुकट करायचा.

चान्यांबद्दल आता लोक आदराने बोलतात. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आलं, आणि मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवरचं पहिल्यांदाच नीट छापून आलं. (त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बैल-वळू कापण्यावरही राज्यात बंदी आली. पुस्तक आणि कायदा एकाच वर्षी, हा योगायोग मला विसरता येत नाही.) पण आदराने बोलणारे लोक एक वाक्य हमखास जोडतात: “गरिबी होती, करणार काय!” हे मला खटकतं. गरिबी होती, खरं आहे. पण आज्जी चान्या खाताना डोळे मिटायची. कडेची चरबी आमच्यापासून लपवून ठेवायची. तिला ते आवडायचं. गरिबाने भूक भागवली तर जग माफ करतं. त्याने चाखून खाल्लं की मग त्याच्याकडे हिशोब मागायला लागतं. माझी बेकन मी गरजेच्या नावाखाली खाणार नाही, याचं मूळ बहुधा तिथे आहे.

आज्जीला मात्र माझं हे बोलणं मुळीच रुचलं नसतं. कारण डुक्कर! आमच्या घरात ते चालायचं नाही. “ते वडारांचं, कैकाड्यांचं. आपलं न्हवं,” असं ती नाक मुरडून सांगायची. गावाने जिला गावाबाहेर ठेवलं, तिलाही कुणाच्या तरी ताटावर नाक मुरडायला हवंच होतं. आता माझ्या खाण्याला हरकत घेणारे पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं. शेजारच्या मुस्लिम कुटुंबाला वास जाऊ नये म्हणून मी मागची खिडकी लावते. ती माझी शेजारधर्माची रीत आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. यजमान वेगळा तवा ठेवतात. एका नातेवाइकांचं म्हणणं, बौद्धांनी असं खाल्लं तर लोक काय म्हणतील. या सगळ्यांत डुक्कर कुठेच नाही. सगळा विचार खाणाऱ्याचा: तो कोण, त्याला काय शोभतं, काय विटाळतं.

डुकराबद्दल मला विचारलं ते फक्त एकीने. शाळेतली माझी जैन मैत्रीण. सोलापुरात जैन विद्येची परंपरा मोठी, इथल्या जीवराज ग्रंथमालेने प्राकृत-संस्कृत ग्रंथांची रांग लावली आहे, आणि ही बाई त्यातलं खरोखर वाचलेली. ती म्हणाली, “तुला किळस नाही हे कळलं. पण त्याला जगायचं होतं, त्याचं काय?” मी त्रिकोटिपरिशुद्धीचा नियम सांगितला: माझ्यासाठी मारलेलं मी पाहिलं नाही, ऐकलं नाही, तशी शंकाही नाही. ती हसली. तिला सिंह सेनापतीची गोष्ट ठाऊक होती. वैशालीत सिंहाने बुद्धांना जेवायला बोलावलं, तेव्हा निर्ग्रंथ, म्हणजे त्या काळचे जैन साधू, रस्त्यारस्त्यांत हात उंचावून ओरडले की गोतमासाठी मोठं जनावर मारलंय. त्या प्रसंगातूनच हा नियम आला. “म्हणजे आमच्याच लोकांनी हटकलं म्हणून,” ती म्हणाली, “आणि नियम भिक्षूंसाठी. भिक्षू मागून खातात. तू पैसे देतेस.”

याला माझ्याकडे उत्तर नाही. पाकीट विकत घेणाऱ्यासाठीच ते डुक्कर मारलेलं असतं; फक्त कोणाचं नाव त्यावर नसतं. बुद्धांच्याच संघातल्या देवदत्ताने मांस-मासे सर्वांना सक्तीने बंद करा अशी मागणी केली आणि बुद्धांनी ती नाकारली, हेही मी तिला सांगितलं असतं. पण सक्ती नाकारणं म्हणजे मोकळीक देणं नव्हे, एवढं मलाही कळतं. ज्या कोसंबींच्या पुस्तकाचा मी आधार घेते, तेही १९४७ साली सेवाग्रामला अन्नत्याग करून गेले. मांसाचा पुरावा मांडणारा माणूस शेवटी जैन वाटेने जातो, हे मला तिच्यापेक्षा जास्त अस्वस्थ करतं.

तरी एक सुत्त मला धरून ठेवतं. अंगुत्तर निकायात वैशालीचा उग्ग गृहपती बुद्धांना वाढतो. तो म्हणतो, बोरं घालून केलेलं डुकराचं मांस मला आवडतं, ते आपण स्वीकारावं. आणि बुद्ध स्वीकारतात. (बोरांच्या जिल्ह्यात राहून हा पदार्थ मी अजून केलेला नाही.) उग्ग स्वतःच्या आवडीची लाज बाळगत नाही. तिला गरजही म्हणत नाही. आवडतं, म्हणूनच तो ते दुसऱ्याच्या पात्रात घालतो. चवीची तृष्णा सुटत नसेल तर निदान ती एकट्याने खायची नाही, असा मी त्याचा अर्थ घेतला.

आणि तिथे माझी पंचाईत झाली. सोलापुरात बेकन द्यायची कोणाला? शेजारी नाही, मैत्रीण नाही, घरात नाही. शेवटी विहाराच्या बांधकामावर येणाऱ्या एका वडार बाईला मी डबा दिला. तिने दुसऱ्या दिवशी डबा धुऊन आणला.

“कसं होतं?”

“खारट लई. आन् कातडंच न्हाई त्याला. कातड्याबिगर काय चव, बाई?”

मग तिने मला त्यांच्याकडची रीत सांगितली. वाळल्या पाचटाच्या जाळावर अख्खं डुक्कर हुलपायचं, केस जळाले की खरवडायचं, कातडं तांबूस होईतो भाजायचं. सांगताना तिचा चेहरा आज्जीसारखा झाला होता. बोलता बोलता तिने आमंत्रणही देऊन टाकलं: “या की आमच्याकडं. तुमी येनार म्हनल्यावर कापतोच एक.”

माझ्यासाठी. माझं नाव घेऊन. पाहून, ऐकून, शंकेला जागाच न ठेवता. नियमाप्रमाणे हे एकच मांस मला वर्ज्य, आणि आयुष्यात मला कोणी दिलेलं हे एकच आमंत्रण असं, की ज्याला नाही म्हटलं तर मी आज्जीसारखंच नाक मुरडलं, असा अर्थ तिने घ्यावा.

दिवाळीनंतर या, असं ती म्हणाली आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.