राखण कोणाची?

चलथाणहून समुद्र दिसत नाही. मग त्यातील जिवांची काळजी आम्ही का करावी, असे संडे स्कूलची मुले विचारतात. देवाने पाचव्या दिवशी जलचरांना आशीर्वाद दिला, तेव्हा मनुष्य निर्माण व्हायचा होता. म्हणजे ते केवळ आपल्या उपयोगासाठी नाहीत.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी पूर्वी कासवांची अंडी चोरीस जात. २००२ पासून सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने गावकऱ्यांनाच राखणीस घेतले. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले निघतात व समुद्रात जातात. ती पिल्ले राखणाऱ्याला मोबदला देत नाहीत. प्रीती अशीच असते.

आपण तरुणांना उपदेश पुष्कळ करतो, पण सोपवीत काहीच नाही. पावसाळ्यात आपल्या ओढ्यातले प्लास्टिकही शेवटी समुद्राकडेच जाते. तो ओढा त्यांच्याकडे सोपवू या, आणि आपणही सोबत उतरू या.