कडक बोल्ट, सैल इंजिन

जत

चि. बाळ,

संखच्या रस्त्यावर गाडीच्या इंजिनाचा फाउंडेशन बोल्ट तिसऱ्यांदा सैल झाला, म्हणून तू 8.8 चा काढून 10.9 चा घातलास. ‘आता हलत नाही, आजोबा!’ म्हणालास. हलेल.

बोल्ट ही ताणलेली स्प्रिंग समज. आवळला की तो केसा-दोन केसांइतका लांबतो आणि परत आखडू पाहतो. त्या ओढीनं इंजिन चासीला दाबून धरलं जातं आणि खड्ड्यांचे हिसके त्या दाबातलं घर्षण सोसतं. आता गंमत बघ. पोलाद 8.8 चं असो की 10.9 चं, तेवढ्याच ओढीला तेवढंच लांबतं. आवळायचा पीळ, म्हणजे टॉर्क, तोच, तर पकडही जवळपास तीच. डोक्यावरच्या 8.8 चा अर्थ एवढाच, की चौरस मिलिमीटरला 640 न्यूटनपर्यंत तो परत आखडतो, पुढे कायमचा लांबतो. 10.9 ला हीच हद्द 900. म्हणजे कडक बोल्टाला सोसायची ताकद जास्त. ओढ द्यायची ती पान्यानं. आणि जास्त ओढ द्यायची, तर चाकीही तेवढ्या ताकदीची हवी. चकचकीत स्टेनलेसच्या नादी तर लागूच नकोस, बाजारातला नेहमीचा 450 लाच हात टेकतो.

आठ मिलिमीटरच्या कोरड्या बोल्टाला 25 न्यूटन-मीटर दिले की साधारण दीड टन पकड मिळते. खरं तर आपल्या जोराचा दहावा हिस्साच ओढीत उतरतो, बाकी डोक्याखाली आणि आट्यांत घासून जातो. म्हणून आट्यांना तेल लागलं, की त्याच टॉर्कला ओढ भलतीच वाढते. तरुणपणी मी तेल लावून वर पान्याला पाइप घातला होता. केसिंग ॲल्युमिनियमचं, आटेच चकलीसारखे बाहेर आले. इंजिन एसटीच्या टपावर टाकून मिरजेला न्यावं लागलं. तुझी आजी अजून हसते.

तुझा बोल्ट ढिला पडतो तो बहुतेक वायसरखालच्या रंगामुळे. तू हौसेनं चासी रंगवलीस ना? रंगाचा थर दबत जातो आणि केसभर ताण तिथंच संपतो. तेवढी जागा खरवड, आटे पुसून कोरडे कर, पूर्वीसारखाच 8.8 चा नवा बोल्ट आणून गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर आवळ. डाळिंबाचे क्रेट लादून दोन फेऱ्या झाल्या की पुन्हा बघ.

माझा टॉर्क पाना उद्याच्या गाडीनं पाठवतो. काम झालं की काटा सगळ्यात खालच्या खुणेवर आणून ठेव, त्यातही स्प्रिंगच आहे.

तुझा,
आजोबा