पदवीची पत

विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या पदवीधराला काम का मिळत नाही, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे जितकी जुनी आहे तितकीच ती निष्फळही ठरली आहे. उद्योजक म्हणतात की पदवीधराला काही येत नाही. प्राध्यापक म्हणतात की विद्यापीठ ही नोकर पुरवणारी पेढी नव्हे. आणि सरकार उभयतांचे समाधान व्हावे म्हणून दर काही वर्षांनी अभ्यासक्रमाचा नवा आराखडा काढून तो सर्वांना लागू करते. या तिन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्यांश आहे. परंतु अभ्यासक्रम ज्या ठिकाणी प्रत्यक्ष जगतो किंवा मरतो त्या ठिकाणाचा, म्हणजे विद्यापीठीय विभागाचा आणि त्याच्या प्रमुखाचा, उल्लेख या वादात क्वचितच येतो. पदवीधराची पात्रता अभ्यासक्रमाच्या छापील पुस्तिकेत ठरत नसून विभागाच्या नित्य व्यवहारात ठरते, आणि हा व्यवहार ज्याच्या हाती असावयास हवा त्या विभागप्रमुखाला आपण हळूहळू केवळ दप्तर सांभाळणारा करून टाकले आहे, असे माझे मत आहे.

या अवस्थेचे मूळ आपल्या विद्यापीठांच्या जन्मातच सापडते. 1854 च्या वुडच्या खलित्यानुसार 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवण्याचे काम महाविद्यालयांनी करावे, आणि विद्यापीठाने अभ्यासाचे विषय नेमून द्यावेत, परीक्षा घ्याव्यात व पदव्या द्याव्यात, अशी ती योजना होती. विद्यापीठांनी स्वतः अध्यापन करावे याला कायद्याचा स्पष्ट आधार मिळाला तो 1904 मध्ये, आणि मुंबईत पॅट्रिक गेडिस यांच्याकडे समाजशास्त्राचा विभाग सोपवला गेला तो 1919 मध्ये. म्हणजे साठ वर्षे ज्या संस्थेचा मुख्य उद्योग परीक्षा घेणे हाच होता, तिच्या दृष्टीने अभ्यासक्रम म्हणजे परीक्षेच्या सोयीसाठी केलेली विषयांची यादी, याखेरीज दुसरे काही असण्याचे कारण नव्हते. विभाग पुढे निघाले, वाढले, त्यांना इमारती मिळाल्या. पण यादीचा तो शिरस्ता मात्र तसाच चालू राहिला, आणि सुधारणा करावयाची म्हणजे यादीतील काही घटक गाळावयाचे व काही नवे घालावयाचे, अशी आपली समजूत होऊन बसली.

ही समजूत किती दृढ आहे हे पाहावयाचे असेल तर अभ्यासमंडळाच्या एखाद्या बैठकीत तासभर बसावे. कार्यक्रमपत्रिकेवर मागील इतिवृत्त कायम करणे हा पहिला विषय असतो आणि 'अभ्यासक्रमाची पुनर्रचना' हा चौथा किंवा पाचवा. पुनर्रचनेचा मसुदा आदल्या रात्री सदस्यांच्या मोबाईलवर आलेला असतो, कोणत्या घटकाला किती तासिका द्यावयाच्या, संदर्भग्रंथांत कोणाचे पुस्तक घालावयाचे, आणि एखादा घटक गाळल्यास कोणाचा कार्यभार कमी होईल, यांवर हिरिरीने चर्चा होते, चहा येतो, आणि मसुदा किरकोळ दुरुस्त्यांसह विद्यापरिषदेकडे शिफारशीसाठी रवाना होतो. या सबंध चर्चेत एक प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही, तो हा की, हा अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडलेल्या मुलाला असे काय करता येईल, जे प्रवेश घेताना त्याला करता येत नव्हते?

या प्रश्नाचे खरे उत्तर अभ्यासक्रमात नसते, प्रश्नपत्रिकेत असते. अर्थशास्त्राच्या एम.ए.च्या अभ्यासक्रमात संख्याशास्त्रीय पद्धती कितीही अद्ययावत घातल्या, तरी प्रश्नपत्रिकेत जर 'प्राथमिक व द्वितीयक सामग्रीतील फरक स्पष्ट करा' हाच प्रश्न आलटून पालटून येत राहिला, तर विद्यार्थी ती दोन पाने पाठ करील आणि त्याचे करणे शहाणपणाचेच ठरेल. याउलट, एखाद्या तालुक्याचे जनगणनेचे तक्ते त्याच्यापुढे ठेवून, येत्या पाच वर्षांत तेथे प्राथमिक शाळांच्या किती वर्गखोल्या लागतील याचा अंदाज करावयास त्याला सांगितले, आणि त्या अंदाजाला कोणती गृहीतके आधारभूत आहेत हे लिहून काढावयास लावले, तर छापील घटकांतील एक अक्षरही न बदलता अभ्यासक्रम बदलून जातो. तो विद्यार्थी उद्या नगरपालिकेत जावो, बँकेत जावो की वर्तमानपत्रात जावो, आकड्यांकडून काम करून घेण्याची सवय त्याच्याबरोबर जाते. ही सुधारणा मंत्रालयाच्या हुकुमाने होत नाही आणि अभ्यासमंडळाच्या ठरावानेही होत नाही. ती होते विभागात, आणि तीही तेव्हाच, जेव्हा प्रश्नपत्रिका काढणाऱ्या सहकाऱ्याशी बसून बोलण्याइतका अधिकार, वेळ आणि विद्वत्ता प्रमुखापाशी असते.

असे विभाग आपल्याकडे झालेच नाहीत असे नाही. 1 ऑक्टोबर 1933 रोजी मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला. गिरण्यांच्या या शहरात वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी या दोन शाखांनी त्याचा आरंभ व्हावा हे स्वाभाविक होते. पुढे रंग, औषधे, तेले, खाद्यपदार्थ अशा एकेका उद्योगाशी संलग्न शाखा तेथे निघत गेल्या. परंतु या विभागाने नुसते कारागीर तयार केले असते तर त्याचे नाव आज कोणी घेतले नसते. 1938 मध्ये प्रमुखपदी आलेले कृष्णस्वामी वेंकटरामन हे मूलगामी संशोधन करणारे रसायनशास्त्रज्ञ होते; एका रासायनिक पुनर्रचनेला त्यांचे नाव आहे, संश्लेषित रंगांवरील त्यांचा ग्रंथ जगभर प्रमाण मानला गेला, आणि 1957 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे ते पहिले भारतीय संचालक झाले. याच विभागात शिकलेले आणि केंब्रिजहून परतून 1964 मध्ये तेथेच प्राध्यापक झालेले मनमोहन शर्मा हे कारखान्यांना सल्ला देत देतच संशोधन करीत राहिले, आणि 1990 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद म्हणून निवडले गेले. विभागाने आपले प्रश्न कारखान्याकडून घेतले, पण उत्तरे शास्त्रातूनच काढण्याचा हट्ट धरला. म्हणून गिरण्या बंद पडल्या तरी त्या विभागाची विद्या बंद पडली नाही, आणि 2008 मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. उद्योगाच्या आजच्या गरजेपुरते शिकवणारा विभाग त्या गरजेबरोबरच म्हातारा होतो, हा धडा या इतिहासातून घेण्यासारखा आहे.

तंत्रविद्येचे हे उदाहरण कलाशाखेला कसे लागू पडणार, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर त्याच विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात आहे. गेडिस यांच्या मागून 1924 मध्ये त्या विभागाची धुरा गोविंद सदाशिव घुर्ये यांनी घेतली आणि तीनेक दशके वाहिली. घुर्ये स्वतः संस्कृत ग्रंथांचे व्यासंगी. तरीही विद्यार्थ्यांना त्यांनी जातींत, जमातींत, गावांत आणि शहरांत पाहणीसाठी धाडले. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई ही त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसे. त्यांच्या मतांत परस्परांशी आणि गुरूशीही केवढे अंतर! पण पाहावे, नोंदवावे, ताडून घ्यावे आणि मग बोलावे, ही कामाची रीत तिघांचीही. नोकरी देणारा कोणीही असो, त्याला मोल वाटते ते या रीतीचे. आणि ती रीत कोणत्याही विषयाच्या आश्रयाने शिकवता येते.

येथे प्रतिपक्षाची एक रास्त तक्रार ऐकून घेतली पाहिजे. दीर्घकाळ एकाच व्यक्तीच्या हाती राहिलेले विभाग सगळेच असे फळले नाहीत. कित्येकांची जहागिरी झाली, प्रमुखाच्या मर्जीबाहेरचा उमेदवार नेमणुकीपासून आणि प्रमुखाला न रुचणारा विषय प्रबंधापासून दूर राहिला. या जाचातून सुटका व्हावी म्हणून बहुतेक विद्यापीठांत प्रमुखपद पाळीपाळीने, ठरावीक मुदतीसाठी देण्याची पद्धत आली, आणि ती येणे आवश्यकच होते. तथापि एक रोग घालवताना आपण दुसरा पदरात घेतला. पाळीने आलेला प्रमुख पहिले वर्ष कारभार समजून घेण्यात घालवतो, तिसरे वर्ष तो पुढच्याच्या हवाली करण्यात, आणि मधल्या वर्षी नॅकची तपासणी येते. त्याच्या टेबलावर पाहावे तर अर्ज, दाखले, तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांची देयके, मंजूर पण वर्षानुवर्षे रिक्त असलेल्या पदांबद्दलचे स्मरणपत्र, आणि कोणत्या ना कोणत्या कार्यालयाने 'आजच्या आज' मागवलेली माहिती. सहकारी त्याला मान देतात, पण त्याचे ऐकलेच पाहिजे असे कोणाला वाटत नाही. कारण आज जो प्रमुख आहे तो दोन वर्षांनी पुन्हा त्यांच्याच पंगतीला बसणार आहे. अशा माणसाकडून अभ्यासक्रमाच्या सुधारणेची अपेक्षा करणे म्हणजे त्याच्यावर अन्याय करणे होय.

नव्या शैक्षणिक धोरणाने 2020 पासून ज्या तरतुदी पुढे आणल्या, त्यांची परीक्षाही याच ठिकाणी होत आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात चार श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण आले. व्यवसायातील अनुभवी माणसांना 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' म्हणून बोलावण्याची वाट विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये मोकळी केली, आणि अशा पदांना एकूण मंजूर पदांच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली. कल्पना म्हणून या दोन्ही उत्तम आहेत. पण जिल्ह्याच्या गावी, जेथे साखर कारखाना, जिल्हा बँक आणि बाजार समिती यांखेरीज मोठी आस्थापना नाही, तेथे साठ विद्यार्थ्यांना प्रशिक्षण द्यावयाचे कोठे? जेथे प्रमुखाने महिना महिना आधी जाऊन बँकेच्या अधिकाऱ्यांशी, पंचायत समितीशी, गावातील वकिलांशी आणि सनदी लेखापालांशी बोलून काम ठरवून घेतलेले असते, तेथे विद्यार्थी काहीतरी शिकून येतो; जेथे तसे झालेले नसते, तेथे मामाच्या दुकानाच्या शिक्क्याचे प्रमाणपत्र वेळेत दाखल होते आणि श्रेयांकही मिळतात. धोरण एकच, श्रेयांक तितकेच. अंतर पडते ते विभागात. 'अभ्यासाची फलिते' मोजण्याचे जे तक्ते हल्ली भरून घेतले जातात त्यांचीही हीच गत आहे: परीक्षा तीच ठेवून तिच्या गुणांवरून फलित काढले, तर तक्त्यात टक्केवारी येते आणि ज्ञान जेथल्या तेथे राहते.

आता मूळ आक्षेपाकडे वळावे. रोजगाराचा विचार करणे हे विद्यापीठाच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणारे आहे काय? ज्यांच्या घरी तीन पिढ्या पदव्या आहेत त्यांना तसे वाटणे शक्य आहे. परंतु आज आपल्या विद्यापीठांत येणारा मोठा वर्ग असा आहे की ज्याच्या घरातील तो पहिलाच पदवीधर. बापाने जमिनीच्या तुकड्यावर काढलेल्या कर्जातून वसतिगृहाचे पैसे भरलेले असतात, आणि त्या घराच्या दृष्टीने पदवी हा अलंकार नव्हे, तारण आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेत 'कमवा व शिका' ही योजना चालवली, ती अशाच मुलांसाठी, आणि तिच्यात श्रम व विद्या यांमध्ये उच्चनीच भाव नव्हता. 1964 ते 66 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपल्याच कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते, कार्यानुभव हा शिक्षणाचा अविभाज्य घटक मानला. ज्ञानाची उपासना आणि उपजीविकेची चिंता यांचे वैर असल्याची कल्पना आपल्या परंपरेतील थोर शिक्षकांना मान्य नव्हती. ती आपण आळसाने जोपासली आहे.

यास्तव सुधारणेचा आरंभ यादीपासून न करता पदापासून करावा. प्रमुखाची मुदत पाच वर्षांची असावी, पण तिचे नूतनीकरण आपोआप होऊ नये. पद स्वीकारताना, विभागातील विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे याचे दोन पानी निवेदन त्याने सहकाऱ्यांपुढे व माजी विद्यार्थ्यांपुढे मांडावे. दप्तराच्या कामासाठी त्याला एक जाणता कारकून मिळावा, बाहेरचे शिक्षक बोलावण्यासाठी थोडा निधी त्याच्या स्वतःच्या सहीने खर्च करता यावा, आणि रिक्त जागा भरण्याचे उत्तरदायित्व सरकारने टाळू नये; कारण निम्मा विभाग तासिकेवर चालत असताना नेतृत्वाच्या गोष्टी बोलणे ही थट्टा आहे. आणि मुदत संपताना त्याचा हिशेब घ्यावयाचा तर परिषदांची संख्या व अहवालांची जाडी मोजू नये. त्याने कार्यभार घेतला त्या वर्षीची प्रश्नपत्रिका आणि तो सोडताना निघालेली प्रश्नपत्रिका शेजारी शेजारी ठेवाव्यात. पाठांतराच्या बळावर दोन्ही सारख्याच सोडवता येत असतील, तर मधल्या काळात कितीही आराखडे लागू झालेले असोत, त्या विभागात काही घडले नाही असे खुशाल समजावे.