संत मोनिका आणि मुलांचा अभ्यास



ह्या आठवड्यात, २७ ऑगस्टला, संत मोनिकेचा आणि दुसऱ्या दिवशी, २८ तारखेला, तिचा मुलगा संत ऑगस्टिन ह्याचा सण येतो. मोनिका म्हटले की आपल्याला तिचे अश्रू आठवतात. वाट चुकलेल्या मुलासाठी वर्षानुवर्षे रडत प्रार्थना करणारी आई, हीच तिची ओळख आपण प्रवचनांतून ऐकत आलो. ती खरीच आहे. पण आपल्या धर्मग्रामातील ज्या आया सध्या युनिट टेस्टच्या पेपरांवर सह्या करीत आहेत, त्यांची मुले अजून वाट चुकण्याच्या वयाची नाहीत. ती ज्युनिअर केजीत, दुसरीत, चौथीत आहेत. त्यांच्या आयांसाठी मोनिकेची एक दुसरी गोष्ट आहे. ती फारशी सांगितली जात नाही, म्हणून आज सांगतो.

त्याआधी आपल्या घरांकडे पाहू. पहाटे पाण्याची वेळ, डबे, गणवेषाला इस्त्री, पावसात न वाळलेले मोजे, आणि खाली हॉर्न वाजविणारी शाळेची व्हॅन. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने आदेश काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, कारण मुलांची झोप पुरी होत नाही. तो सगळीकडे पाळला जातो असे सकाळच्या मिस्साला येता-जाता मला तरी दिसत नाही. दप्तरावर डोके टेकून झोपलेली मुले व्हॅनच्या खिडकीत दिसतातच. दुपारी मूल परत येते तेव्हा दप्तरात डायरी असते, आणि डायरीतील सूचना इंग्रजीत. मोबाईलवर वर्गाचा ग्रुप, तोही इंग्रजीत. आईचे शिक्षण वसईत झालेले, नाहीतर नगरकडे किंवा जालन्याकडे, मराठी शाळेत. गावठाणात वाढलेली असेल तर तोंडात ईस्ट इंडियन बोली. ती डायरी दोनदा वाचते आणि शेजारच्या मुलीला विचारायला जाते. वडिलांचे काय, असे कोणी विचारील. वडील त्या वेळी बहुधा अंधेरीच्या पुलावर गर्दीत अडकलेले असतात. काही वडील घरी असूनही अडकलेलेच असतात, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

अशा एका आईने मध्यंतरी मला एक गोष्ट सांगितली. तिचा मुलगा तिसरीत आहे. ओपन डेच्या आदल्या रात्री तो तिला म्हणाला, "मम्मी, उद्या तू नको येऊ, पप्पाला पाठव. टीचर विचारतात तेव्हा तू नुसती मान हलवतेस." ती त्याला रागावली नाही. तिने नवऱ्याला अर्ध्या दिवसाची रजा टाकायला लावली आणि स्वतः घरी राहिली. मला म्हणाली, "फादर, तो खोटं कुठे बोलला?" त्यानंतर तिने मुलाचा अभ्यास घेणे बंद केले, ट्यूशन लावली. पुढचे वाक्य मात्र तिने सहज, जाता जाता उच्चारले. रात्रीची प्रार्थनाही आता ती घेत नाही. मुलाला संडे स्कूलमध्ये इंग्रजीत शिकवलेली आहे, तो त्याची त्याची म्हणतो.

हे ऐकून मला मोनिका आठवली.

सन ३८६ च्या शरद ऋतूत ऑगस्टिनने मिलान शहरातील वक्तृत्वशास्त्राच्या प्राध्यापकाची नोकरी सोडली. ती मोठ्या मानाची जागा होती. बोलणे शिकविणे हाच त्याचा पेशा. श्रद्धेचा निर्णय झाला होता, स्नानसंस्कार व्हायचा होता. मधल्या काळात तो मिलानजवळच्या कासिसियाकुम नावाच्या ठिकाणी मित्राच्या घरी काही मित्र, विद्यार्थी आणि आपला किशोरवयीन मुलगा ह्यांच्यासह राहिला. मोनिकाही सोबत होती. तिथे रोज तत्त्वचर्चा चाले आणि एक लेखनिक ती उतरवून घेई, म्हणून ती आज आपल्याला वाचायला मिळते. ह्या ग्रंथांत मोनिका अधूनमधून येते. एकदा वाद ऐन रंगात आला असता तिने सगळ्यांना जवळजवळ ढकलतच जेवायला नेले, असेही ऑगस्टिनने लिहून ठेवले आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हे वाचले तेव्हा आम्ही हसलो होतो. जेवणाची घंटा आम्हालाही ठाऊक होती.

एके दिवशी चर्चा चालू असता ती आत आली आणि काय चालले आहे असे तिने विचारले. ऑगस्टिनने लेखनिकाला सांगितले, आईचे येणे आणि तिचा प्रश्नही लिहून घे. ती संकोचली. तुम्ही जे ग्रंथ वाचता त्यांत अशा चर्चेत बायकांना घेतल्याचे मी कधी ऐकले आहे का, अशा अर्थाचे ती बोलली. मुलाने जे उत्तर दिले त्याचा आशय असा, की तुझे तत्त्वज्ञान मला फार आवडते आणि मी आनंदाने तुझा शिष्य होईन.

त्याच ग्रंथात पुढे त्याने आईशी तितक्याच सरळपणे आणखी एक गोष्ट बोलून टाकली. तुझे उच्चार आणि व्याकरण सहज निर्दोष होईल असे मी म्हटले तर ते खोटे ठरेल, असे तो तिला सांगतो. आणि स्वतःबद्दल म्हणतो की माझ्याही पुष्कळ शब्दांचे उच्चार इटलीचे लोक अजून चुकीचे ठरवतात. ही माणसे उत्तर आफ्रिकेतील थागास्ते गावची, आजच्या अल्जीरियातील. त्यांचे लॅटिन आफ्रिकेच्या वळणाचे. साम्राज्याच्या भाषेचा तो पगारी प्राध्यापक, आणि आईची भाषा अशुद्ध. तरीही तिच्यापुढे तो शिष्य म्हणून बसायला तयार होता. ऑगस्टिनच्या वाढदिवशी, १३ नोव्हेंबरला, चर्चा निघाली की ज्याला हवे ते मिळते तो प्रत्येक माणूस सुखी असतो का. मोनिका उत्तरली, चांगले हवे असेल आणि ते मिळाले तर सुखी. वाईट हवे असेल तर मिळूनही दुःखीच. ऑगस्टिनने सर्वांना सांगितले की सिसेरोने आपल्या ग्रंथात हेच मांडले आहे. मोनिकेला तत्त्वज्ञानाचे शिक्षण मिळालेले नव्हते.

मोनिका पहिल्यापासून अशी शहाणी होती, असे मात्र समजू नका. शाळेत ऑगस्टिनला मार बसे. मार चुकावा म्हणून तो लहानपणी देवाची प्रार्थना करी, आणि त्याचे वळ पाहून आईवडील हसत. मुलाच्या करिअरची चिंता तिलाही होती. अभ्यासात खंड पडेल म्हणून तिने त्याचे लग्न लांबविले. हे सारे त्याने 'कन्फेशन्स'मध्ये लिहिले आहे. तिथेच त्याचे एक निरीक्षण आहे. लॅटिन तो दायांच्या मांडीवर, लाडात, हसतखेळत शिकला. ग्रीक शाळेत धाकदपटशाने शिकविली गेली, आणि ती त्याला कधी आवडली नाही. घरात शिकलेले आणि भीतीने शिकलेले ह्यांतला हा फरक इतक्या मोठ्या पंडिताला म्हातारपणाकडे झुकतानाही विसरता आला नाही.

आता त्या तिसरीतल्या मुलाकडे येऊ. मुलांना इंग्रजी शाळेत घालू नका असे मी म्हणणार नाही. मुंबईतील आपल्या चर्चच्या आवारांतल्या शाळा बहुतेक इंग्रजी माध्यमाच्याच आहेत, तेव्हा ते मला शोभणारही नाही. इंग्रजीने आपल्या मुलांना नोकऱ्या दिल्या, हे सत्य आहे. मला खुपते ते आईचे मागे सरणे. मुलाच्या शाळेची भाषा येत नाही म्हणून आपण त्याची शिक्षिका राहिलो नाही, असे तिने मनाशी ठरवून टाकले, आणि ते मुलानेही पाहिले.

विज्ञानाचेच घ्या. मूल 'इव्हॅपरेशन' शब्दाचे स्पेलिंग दहा वेळा लिहून पाठ करते. आई म्हणते, मला ह्यातले काही कळत नाही. अहो, कळत कसे नाही? जुलै महिन्यात दोरीवरचे कपडे का वाळत नाहीत आणि मे महिन्यात तासाभरात का वाळतात, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक आहे? भाताच्या पातेल्यावरचे झाकण उचलले की आतून पाण्याचे थेंब ओघळतात. मुलाला ते दाखवा आणि विचारा, हे पाणी वर कसे गेले, बाळा? तुझ्या पुस्तकात काय लिहिले आहे ते मला मराठीत सांग. ते सांगताना तो अडखळला तर समजा, त्याने पाठ केले आहे, समजलेले नाही. सांगता आले तर त्याला खरोखर समजले आहे. इंग्रजीचा एक शब्द न येता अशी परीक्षा आई घेऊ शकते. मोनिकेने तरी कासिसियाकुमच्या त्या सभेत दुसरे काय केले? आत येऊन, काय चालले आहे, एवढेच विचारले.

प्रार्थनेची गोष्ट ह्याहून गंभीर आहे. गावठाणातल्या एका घरी आजी वारली तेव्हा रात्री रोजरीला गेलो होतो. मोठी माणसे मराठीत 'नमो मरिया' म्हणत होती. आजीने ज्यांना अंगाखांद्यावर खेळविले ती पाच-सहा नातवंडे दाराशी गप्प उभी होती. ती मुले वाईट नव्हेत. दर रविवारी वर्गाला येतात, इंग्रजीत सगळ्या प्रार्थना घडाघडा म्हणतात. पण आजीच्या शवपेटीपाशी आजीची प्रार्थना म्हणायला त्यांच्याकडे शब्द नव्हते.

आपल्या प्रभूचेही घर होते, आणि घरची भाषा होती. शुभवर्तमाने ग्रीक भाषेत लिहिली गेली. तरी मार्कने काही ठिकाणी येशूचे शब्द मुद्दाम त्याच्या अरामी बोलीतच ठेवले आहेत. याईरच्या मुलीला हात धरून उठविताना 'तलिथा कूम'. बहिऱ्याचे कान उघडताना 'एफ्फाथा'. गेथशेमनी बागेत पित्याला हाक मारताना 'अब्बा'. आणि क्रुसावर प्राण जाताना स्तोत्राची जी पहिली ओळ त्याच्या तोंडी आली, तीही त्याच बोलीत. त्याला ही बोली नाझरेथच्या घरात मिळाली. बारा वर्षांचा असताना तो मंदिरात शास्त्र्यांमध्ये बसून प्रश्नोत्तरे करीत होता, ते आपण लूकमध्ये वाचतो. आईने त्याला जाब विचारला, त्याने उत्तर दिले, आणि ते उत्तर मरिया-योसेफ ह्यांना समजले नाही, असे लूकने स्पष्ट लिहिले आहे. मुलाचे उत्तर न समजणारी पहिली आई तुम्ही नव्हे, भगिनींनो. पण मरियेने त्यामुळे त्याला शास्त्र्यांच्या हवाली केले नाही. तो त्यांच्याबरोबर नाझरेथला परतला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले. लोकांना ख्रिस्त सांगायचा म्हणून ते आपली भाषा शिकले, आणि त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले. एका इंग्रजाला येशूचे चरित्र ओव्यांत सांगण्यासाठी मराठी पुरेशी वाटली. आपल्यालाच ती मुलाच्या उशाशी म्हणायला कमी का वाटावी, हे मला उमगत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या ख्रिस्ती शिक्षणावरील जाहीरनाम्यात आईवडिलांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटले आहे. स्नानसंस्काराच्या शेवटच्या आशीर्वादातही तुम्हाला श्रद्धेचे पहिले शिक्षक म्हटले जाते. त्या वेळी तुमचे माध्यम कोणते, असे चर्च विचारीत नाही. म्हणून रात्री झोपण्यापूर्वीच्या पाच मिनिटांत क्रुसाची खूण, 'आमच्या बापा' आणि एक 'नमो मरिया' घरच्या भाषेत म्हणा. मूल इंग्रजीत म्हणणार असेल तर त्याचे ऐका, आणि नंतर तुमचे त्याला ऐकवा. घरात आजी असेल तर ते काम तिला द्या. तिमथीची श्रद्धा आधी त्याची आजी लोईस हिच्यात आणि आई युनिके हिच्यात होती, असे संत पौल लिहितो. वडील ग्रीक होते.

ओपन डेला मात्र स्वतः जा. शिक्षिकेला मराठीत विचारा. ती मुंबईत राहते, तिला समजेल.

पुढच्या रविवारी मराठी मिस्सानंतर पहिली ते चौथीच्या मुलांच्या आयांची सभा सभागृहात ठेवली आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात मराठी प्रार्थना कशा आणता येतील, हाच विषय आहे, आणि बोलणे मराठीतच होईल. तान्हे बाळ असेल तर सोबत आणा. वडिलांनीही यावे. मागच्या बाकांवर त्यांच्यासाठी जागा राखलेली नाही. पुढे बसावे लागेल.