कुळथाचे सोसणे आणि शिष्याचा विवेक

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी 3000 मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. तथापि तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो, सच्छिद्र जांभ्यातून झिरपून वा उतारावरून वाहून जातो, आणि दिवाळीनंतर जमीन झपाट्याने सुकू लागते. भाताच्या कापणीनंतर उरलेल्या ओलीवर येथे कुळीथ पेरतात. त्याचे दाणे पिठीसाठी घरात येतात आणि मळणीनंतरचा भुसा गुरांच्या दावणीला जातो. पाण्याविना तग धरणाऱ्या या पिकाच्या ठायी तितिक्षा आहे, असे म्हणता येईल काय?

वेदान्तातील षट्संपत्तीपैकी, म्हणजे साधकाच्या सहा गुणांपैकी, एक असलेली तितिक्षा म्हणजे सुखदुःखे, शीतोष्णे विलाप न करता सोसणे. कुळथासारख्या शेंगवर्गीय वनस्पतींचे सोसणे मात्र निष्क्रिय नसते. ओल घटताच पानांवरील रंध्रे, म्हणजे वायू व बाष्प यांची ये-जा होणारी सूक्ष्म छिद्रे, मिटू लागतात. त्यामुळे पाणी वाचते, पण त्याच वाटेने येणारा कार्बन डायऑक्साइड अडल्याने अन्ननिर्मितीही मंदावते. चवळीसारख्या वनस्पतींच्या पर्णिका भर उन्हात किरणांना समांतर वळतात. सड्यावरचा, म्हणजे जांभ्याच्या पठारावरचा, कवला हा याच कुळातला रानटी सोबती तर पावसाच्या ओलीतच फुलून बी टाकतो आणि उन्हाळा बीजरूपाने काढतो.

खरी अडचण मुळांवरच्या गाठींपाशी येते. तेथील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करून झाडाला पुरवतात आणि झाड त्यांना शर्करा देते. परंतु अवर्षणात, सोयाबीनसारख्या अनेक शेंगवर्गीय पिकांमध्ये, नत्रस्थिरीकरण प्रकाशसंश्लेषणाच्याही आधी मंदावते. ज्या गुणासाठी या कुळाला भूमीचे पोषण करणारे म्हणून गौरविले जाते, तोच टंचाईत आधी आटतो. निसर्गाचे वर्तन हाच धर्म मानला, तर अडचणीत प्रथम देणे थांबवावे, असाच उपदेश त्यातून निघेल.

पण गुरू करणे म्हणजे सरसकट अनुकरण नव्हे. भागवताच्या अकराव्या स्कंधातील अवधूताने 24 गुरू केले, त्यांत क्षमाशील पृथ्वी आहे, तसेच आसक्तीने नाश पावलेले कबूतर आणि ज्योतीवर झेप घेणारा पतंगही आहे. त्या गुरूंचे वर्तन सर्वस्वी अनुकरणीय नव्हते. काय घ्यावे आणि काय टाळावे हे शिष्याच्या विवेकाने ठरवले. कुळथाला अन्यथा वागण्याची मुभाच नसल्याने त्याच्या सोसण्यात पुण्य नाही आणि हात आखडण्यात पापही नाही. ती मुभा माणसाला आहे; म्हणून स्वतःचा उपभोग रंध्रांप्रमाणे आवरून, वैशाखात आपल्या गोठ्यातला भुसा शेजाऱ्याच्या गुरांपुढेही टाकणारा शेतकरी कुळथाकडून अर्धाच धडा घेतो, आणि उरलेला अर्धा त्याला स्वतःच्या विवेकाने पुरा करावा लागतो.